बायकांसाठी काही आहे का?

विशाखाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं रॅकवर लावत होते. ते म्हणाले, "ताई, विशाखा गेली जी." आणि मी विचारलं, "कुठे?"

गेल्या काही वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं होतं की दुसरा अर्थ डोक्यात आलाच नाही. विशाखा गेली, म्हणजे फोन घरी ठेवून गेली, स्कूटर घेऊन गेली, न सांगता गेली. मग आम्ही दोघं शोधायला निघायचो. ती हॉस्पिटलच्या खाटेवर आहे, तिला कुशीवर वळायलाही कोणी तरी लागतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी विचारलं. मग ते म्हणाले, "कुठं नाही. इथंच हाय. तुम्ही या."

त्याला आता दीड-दोन महिने होतील. तिच्याबद्दल लिहू का, असं सरांना विचारलं. तिचे वडील अकोल्याकडे शाळेत मुख्याध्यापक होते, म्हणून मी त्यांना सर म्हणते. नातेवाइकांना त्यांनी कावीळ झाली होती एवढंच सांगितलं आहे, आणि ते खोटंही नाही. ते म्हणाले, "लिहा. सगळं लिहा. पण ती आपल्या कामात चांगली होती, हे पहिले लिहा."

ती आपल्या कामात फार चांगली होती. माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली, तेव्हा कोणी तरी विशाखाचं नाव सुचवलं. वारज्याला तिचा फिजिओथेरपीचा छोटा दवाखाना होता आणि दुपारच्या वेळात ती घरोघरी जायची. शनिवार पेठेतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात ती पहिल्यांदा आली, तेव्हा आईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. झटक्यात आईची वाचा वाचली होती, आणि स्वभावाला तर धक्काही लागला नव्हता. ती म्हणाली, "वारज्याहून येता? बरंय. हात हलला नाही तरी तुमचा तेवढाच फेरफटका होईल." विशाखा हसली नाही की ओशाळली नाही. आईचा निर्जीव हात मांडीवर घेत म्हणाली, "तुमचा हात आहे काकू, तुमच्यासारखाच हट्टी असणार. आम्ही बघतो एकमेकांचं."

काही महिन्यांनी आई काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली आणि एका दुपारी मधेच कोसळली. फार लागलं नव्हतं, पण आयुष्यात कधी न रडलेली ती बाई फरशीवर बसून रडू लागली. संपलं, म्हणाली, परत पहिल्यापासून. विशाखानं तिला उचललं नाही. स्वतःच शेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "पहिल्यापासून कसं? पडलात म्हणून इतके दिवस चाललेलं पुसलं जातं का? पाय विसरत नाहीत काकू. घाबरतं ते मन." मग तिनं आईला पडल्यावर कसं उठायचं ते शिकवलं. चालण्याइतकंच तेही शिकावं लागतं, असं तिचं म्हणणं होतं.

आईच्या लक्षात ते माझ्याआधी आलं. एकदा विशाखा गेल्यावर ती म्हणाली, "ही मुलगी बडीशेप खाते तितकं जेवत नाही." मला वाटलं, आईचं नेहमीचं तिरकस बोलणं. पुढे एका दुपारी मी घरी येत होते, तर विशाखा जिन्यात बसलेली. बॅग मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं. मला बघून ती उठायला गेली आणि कठड्याला धरून परत बसली. "काकूंना सांगा, आज जमणार नाही," म्हणाली. "प्यायल्यावर मी पेशंटला हात लावत नाही. वर यायला निघाले होते... पण नाही लावत."

त्या पायरीवर तिनं मला बरंच सांगितलं. कॉलेजात मैत्रिणींबरोबर सुरू झालं, मग झोपेसाठी, मग उठण्यासाठी. घटस्फोट झालेला होता. मी तो धागा धरायला गेले, तर तिनं तो माझ्या हातून काढून घेतला. "त्याच्यामुळे पिते असं कृपा करून म्हणू नका, मेधाताई. तो होता तेव्हाही पीत होते. बिचारा कंटाळून गेला." शेवटी म्हणाली, की तिला थांबायचं आहे आणि एकटीनं थांबता येत नाही, एवढंच तिला कळलंय.

मला वाटलं होतं, पुण्यासारख्या शहरात मदत मिळायला काय अवघड आहे. ग्रंथपालाचा जन्म शोधण्यात गेलेला असतो. मी फोन करायला बसले. पहिल्या ठिकाणी एका गृहस्थांनी अतिशय आपुलकीनं विचारलं, "पेशंट आपले मिस्टर का?" मी नाही म्हटलं. "मग मुलगा?" मी म्हटलं, पेशंट बाई आहे. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "लेडीजचं आपल्याकडे नाही हो, मॅडम." दुसरीकडे नाही, तिसरीकडे पूर्वी होतं, आता बंद. एका बाईंनी सल्ला दिला, की घरातल्या घरातच मिटवा, उगाच बाहेर बभ्रा नको. प्रत्येक फोनला माझं एकच वाक्य असायचं, "तुमच्याकडे बायकांसाठी काही आहे का?" आणि ते म्हणताना माझा आवाज आपोआप खाली जायचा.

शेवटी गावाबाहेरच्या एका केंद्रात जागा मिळाली. तिथे बायकांचा एक वॉर्ड होता, पण त्यात मनोरुग्ण बायकाही होत्या आणि व्यसनासाठी आलेली ही एकटीच. ती राहिली. तिथल्या एका म्हातारीचा आखडलेला खांदा मोकळा करून आली. घरी आल्यावर चेहरा उजळलेला होता, भूक लागत होती. सर अकोल्याचं घर बंद करून तिच्याकडे राहायला आले ते तेव्हाच. आम्ही सगळे आनंदात होतो... तो आनंद आंब्याचे दिवस संपेपर्यंत टिकला.

मग आम्ही एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी भरणाऱ्या, दारू सोडलेल्या माणसांच्या सभेला गेलो. दारातल्या भल्या माणसानं आम्हा दोघींना बघितलं आणि नमस्कार करून शेजारच्या वर्गाकडे बोट दाखवलं. तिथे पिणाऱ्यांच्या बायका बसतात. आम्ही काही बोलायच्या आत कोणी तरी खुर्च्या पुढे केल्या. एकेक बाई बोलत होती, नवऱ्याबद्दल, विकलेल्या दागिन्यांबद्दल, मुलांबद्दल. विशाखाची पाळी आली. ती म्हणाली, "मी विशाखा. माझ्या घरी पिणारी मीच आहे." बायका वळून बघू लागल्या. मला वाटलं, आता उठावं लागणार. तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका बाईनं, जिनं तोवर तोंड उघडलं नव्हतं, तिनं विचारलं, "मग मला एक सांगाल का? त्याला आमची आठवण येते का हो, पिताना?"

विशाखा म्हणाली, "येते. ती येते ना, म्हणूनच तर पुढचा घोट घाईनं घेतो आम्ही."

ती बाई पदर तोंडाशी धरून रडली. निघताना तिनं विशाखाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

नंतर ती पुरुषांच्या सभेलाही जाऊ लागली. माणसं सज्जन होती, तिला जागा करून द्यायची. पण तिथे दिवस मोजायचे आणि घसरलं की पुन्हा शून्यावर यायचं. ते शून्य तिला सोसायचं नाही. परमेश्वराच्या हाती सोपवा, हेही तिला जमेना. त्यांचं घर आजोबांपासून बौद्ध. देव मानायचा नाही या शिकवणीत वाढलेली मुलगी, आता ऐनवेळी सोपवणार कोणाच्या हाती? पुष्कळांना त्याच सभेनं तारलेलं मी पाहिलं आहे, म्हणून वाईट बोलवत नाही. तिला तारलं नाही, इतकंच. मग सर तिला रविवारी विहारात नेऊ लागले. एकदा मीही गेले. सगळे मिळून पंचशील म्हणत होते, विशाखाचा आवाज छान होता, खणखणीत. पाचवं शील आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, आणि तिचे ओठ मिटले. शेजारी सर म्हणत राहिले, एकटेच, जरा मोठ्यानं. जणू दोघांच्या वाटचं.

मनोविकारतज्ज्ञांच्या गोळ्यांनी काही दिवस ओढ कमी व्हायची. फोनवर भरणारा बायकांचा एक गट सापडला, वेगवेगळ्या शहरांतल्या, हिंदी-इंग्रजीत बोलणाऱ्या, बहुतेकींचा कॅमेरा बंद. त्या गटात पुण्यातल्याच दोघी निघाल्या. एक शाळेत शिकवणारी आणि एक हिंजवडीत नोकरी करणारी तरुण मुलगी. विशाखा म्हणाली, मग आपण प्रत्यक्षच का भेटू नये? आणि रविवारी सकाळी तिच्या दवाखान्यात, पेशंटच्या चटयांवर, त्या तिघी बसू लागल्या. मी चहा करायला असायचे. तिथे कोणी दिवस मोजायचं नाही. "आपटलं की काय करायचं ते ठरवू, फोन कोणाला, पाणी किती, डॉक्टरकडे कधी जायचं. न आपटण्याचं नंतर बघू," असं ती सांगायची. कधी खडकवासल्याला जाऊन पाण्याकाठी कणीस खात बसायच्या आणि शाळेच्या सहलीतल्या पोरींसारख्या हसायच्या. एकीकडून दुसरीकडे तिचा नंबर जात राहिला. अनोळखी बायकांचे फोन यायचे, ती दोन पेशंटच्या मधे जिन्यात उभी राहून बोलायची. त्या वर्षी दिवाळीत तिनं आईला स्वतः केलेल्या चकल्या आणल्या, एकही वेढा वाकडा नव्हता. आई म्हणाली, "हात सुधारला हो तुझा." त्या दोघींना काय ते कळलं.

पुढचं लिहिणं अवघड आहे, कारण पुढे काहीच घडलं नव्हतं. कोणी गेलं नाही, भांडण नाही, वाईट बातमी नाही. एका रविवारी गटातल्या त्या दोघी आल्या आणि दवाखान्याला कुलूप. मी किल्ली घेऊन गेले, चहा केला, आम्ही वाट बघितली. नंतर तिला विचारलं, परत का प्यायलीस गं? ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू उत्तर माझ्याकडेच असेल. "मलाच माहीत असतं तर..." म्हणाली. पडल्यावर उठायचं कसं ते तिनं इतक्या जणांना शिकवलं होतं. मी तिचीच वाक्यं तिला ऐकवली. ती मान डोलवायची. सगळं पटत होतं तिला.

तिचे डोळे पिवळे झाले तेव्हा सरांनी मला बोलावलं. डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं आणि म्हणाले, आता एक थेंबही नको. एक थेंबही तिनं घेतला नाही. पोटात पाणी झालं, पाय सुजले, हॉस्पिटल-घर-हॉस्पिटल चाललं, पण तिनं दारूला शिवलं नाही. जे इतकी वर्षं आम्हा कोणाला जमलं नव्हतं ते झालं, आणि त्याचा शरीराला काही उपयोग उरला नव्हता. सर रोज सकाळी तिच्या उशाशी पंचशील म्हणत. मी एकदा तिथे होते. आवाज अगदी क्षीण होता, पण पाचवं तिनं म्हटलं. सर मधेच थांबले, तिला एकटीला म्हणू दिलं.

मला अजून वाटत राहतं, आणखी कुठलं दार होतं का, जे मी ठोठावलं नाही... पण खरं सांगायचं तर जी होती ती सगळी ठोठावली. काही उघडली देखील. ती आतही गेली.

परवा मी वारज्याला गेले होते. दवाखान्याच्या खोलीत आता शिकवणीचे वर्ग भरतात. रविवारी येणारी शिक्षिका आता आपल्या मुलीकडे नाशिकला असते, हिंजवडीच्या मुलीचा फोन लागत नाही. सर घरी, बाहेरच्या खोलीत विशाखाचा मोबाईल कानाला लावून बसले होते. तो त्यांनी बंद केलेला नाही. मला बसायची खूण करून ते ऐकत राहिले. मधूनमधून फक्त "हं" म्हणत होते. एकदा म्हणाले, "नाही बाई, ती नाही आता. मी तिचा बाप बोलतो. मले त्यातलं काही समजत नाही. पण तुम्ही बोला, मी ऐकतो." बराच वेळ ऐकलं त्यांनी. पलीकडून रडण्याचा बारीक आवाज मलाही येत होता.

मग त्यांनी हात फोनवर दाबून धरला आणि माझ्याकडे वळले. "रविवारी कुठं यायचं, विचारते आहे," म्हणाले. "काय सांगू?"

त्यांनी थोडी वाट पाहिली, फोन परत कानाशी नेला आणि म्हणाले, "बाई, उद्या पुन्हा लावा. मी हाय." नंतर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बॅटरी बघितली आणि फोन चार्जरला लावला.