पंधरा पटीची दुर्बीण

आमचे कन्सल्टंट, म्हणजे मुख्य सर्जन, शनिवारी हरणांच्या शिकारीला जातात हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारी सकाळी ते कुणाला ना कुणाला फॉइलमध्ये गुंडाळलेलं मांस आणून द्यायचे. मला देत नसत, कारण मी खात नाही हे त्यांना माहीत होतं. म्हणून एकदा ऑगस्टमध्ये ऑपरेशन थिएटरमधून बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं, "शनिवारी मोकळा आहेस का? विल्टशायरला माझ्याबरोबर ये," तेव्हा मला ते खरंच वाटेना. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण ते मला 'तू'च म्हणत असणार असं मी धरून चालायचो, आणि त्या दिवशी ते मला आवडलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात कन्सल्टंटच्या हाताखाली रजिस्ट्रार म्हणून मी बरीच वर्षं काढली होती. रक्तवाहिन्यांची सर्जरी हे माझं काम. माझ्यामागून आलेले लोक कन्सल्टंट होऊन दुसऱ्या गावी गेले होते आणि मी अजून इंटरव्ह्यू देत होतो. अशी बोलावणी आमच्यासारख्या भारतीय डॉक्टरांच्या वाट्याला येत नसत. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मी हो म्हणून बसलो.

घरी बायकोनं विचारलं, "हरणं मारणार तुम्ही?"

"मी नाही. बंदूक त्यांची. मी फक्त बघायचं."

"काय बघायचं?"

"नर आहे की मादी, ते."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

गोष्ट एवढीच होती, की त्या दिवसांत फक्त नर मारायची परवानगी असते. मादीच्या मागे पिल्लू असतं. दरीपलीकडच्या कुंपणाशी उभं असलेलं तपकिरी जनावर नर की मादी हे दोघांनी पाहिलेलं बरं, असं कन्सल्टंटचं म्हणणं. पहिल्या शनिवारी त्यांनी मला त्यांची जुनी दुर्बीण दिली, आठ पट मोठं दाखवणारी. मला झाडी दिसली, धुकं दिसलं, जनावर काही ओळखू आलं नाही. त्या दिवशी गोळी झाडलीच गेली नाही. परत येताना ते म्हणाले, "तुला स्वतःची दुर्बीण घ्यायला हवी. इथल्या गावात एक दुकान आहे, पुढच्या वेळी दाखवतो."

तो आठवडाभर मी लायब्ररीत जाऊन शिकारीची मासिकं चाळली. आठ पट, दहा पट, बारा पट, पंधरा पट. मला वाटलं, त्यांची आठाची आहे, आपण पंधराची घ्यावी. जास्त लांबचं दिसेल, मी आधी सांगेन आणि ते म्हणतील, याची नजर चांगली आहे. माझं वय तेव्हा चाळिशीकडे झुकलं होतं. ऑपरेशन टेबलावर जे दाखवून झालं होतं ते मी आता शेतात उभं राहून दाखवायला निघालो होतो.

दुकानात आम्ही तिघं गेलो. बायकोही होती, कारण तिथून पुढे आम्हाला सॉल्सबरीला खरेदीला जायचं होतं. आत मासेमारीच्या काठ्या, हिरवी जाकिटं आणि बंदुकीच्या तेलाचा वास. दुकानदार टाय लावलेला, गप्पिष्ट. त्यानं काउंटरवर चार दुर्बिणी ओळीनं मांडल्या आणि दार उघडून चौकापलीकडच्या चर्चचं घड्याळ दाखवलं. "त्याच्यावर लावून बघा."

पंधराची दुर्बीण बायकोनं आधी उचलली. बराच वेळ बघत राहिली. मग मराठीत म्हणाली, "काट्यावर कबुतर घाण करून गेलंय, तेसुद्धा दिसतंय हो."

मग मी घेतली. घड्याळ सापडलं, पण ते एका जागी राहीना. गळाला लागलेल्या माशासारखं उड्या मारत होतं. मी काच नीट केली, पाय फाकवून उभा राहिलो, श्वास धरला. काटे काही दिसेनात.

"पंधरा पटीत सगळ्यांचंच हलतं," दुकानदार म्हणाला. "चित्र जितकं मोठं, तितकी हाताची थरथरही मोठी. ही बारा पटीची बघा."

बारा पटीतही तेच. मग दहा. मग आठ, कन्सल्टंटच्या दुर्बिणीसारखीच. चित्र लहान झालं, थरथर कमी झाली, पण थांबली नाही.

"माझं तर हलत नव्हतं," बायको हळूच म्हणाली. मराठीतच म्हणाली, पण सगळ्या दुकानाला मराठी कळतं असं मला त्या क्षणी वाटलं.

मी दुर्बीण खाली घेतली. कन्सल्टंट घड्याळाकडे बघत नव्हते. ते माझ्या मनगटांकडे बघत होते. वॉर्डात पेशंटच्या पायाशी उभं राहून, काही न विचारता, ते असंच बघायचे.

"कोपर दाराच्या चौकटीला टेकव आणि बघ," ते म्हणाले.

मी टेकवलं. घड्याळ थांबलं. काटे, आकडे, कबुतराची घाण, सगळं स्वच्छ दिसलं. "बघा, झालं की," दुकानदार खूश होऊन म्हणाला. ऑपरेशन करताना आमचं मनगट कशावर ना कशावर टेकलेलंच असतं, तसंच शिकवतात. त्यामुळे मला आजवर कळलंच नव्हतं. मग एकेक आठवायला लागलं. मीटिंगमध्ये माझ्या हातातली कपबशी किणकिणायची, म्हणून मी कपबशी सोडून दांड्याचा मोठा मग वापरायला लागलो होतो. भरलेला चमचा तोंडाशी नेताना मी मान खाली आणायचो. या सगळ्याचं खापर मी कॉफीवर आणि रात्रपाळीवर फोडलं होतं.

"आठाची घे," कन्सल्टंट म्हणाले.

"पंधराची द्या," मी दुकानदाराला म्हटलं.

असं का म्हणालो, कुणास ठाऊक. आठाची घेतली असती तर सगळ्यांसमोर कबूल केल्यासारखं झालं असतं, असं काहीतरी डोक्यात असेल. दुकानदारानं ती जड वस्तू खोक्यात घातली. पैसे देताना मी हात काउंटरवर दाबून धरला होता.

गाडीत बायकोनं विचारलं, "बरं नाही का वाटत?"

"कॉफी जास्त झाली."

सकाळपासून मी कॉफीचा घोटही घेतला नव्हता, आणि ते तिला माहीत होतं. ती खिडकीबाहेर बघत बसली.

पुढचा आठवडाभर मी थिएटरमध्ये स्वतःच्या बोटांवर पाळत ठेवली. सुई जिथे जायला हवी तिथेच जात होती. एकही टाका चुकला नाही. पण मनगट उचलावं लागलं की माझ्या मानेवर घाम यायचा. एका संध्याकाळी बाथरूममध्ये मी दोन्ही हात समोर ताणून बोटांवर वर्तमानपत्राचं पान ठेवलं. विद्यार्थ्यांना आम्ही हीच तपासणी शिकवतो. पानाची कड फडफडत होती. मागे वळलो तर बायको दारात. मी पानाची घडी घातली आणि वाचत असल्याचं सोंग केलं. बाथरूममध्ये, उभ्यानं.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही पुन्हा गेलो. सप्टेंबर लागला होता, गहू कापून झाला होता. उजाडता उजाडता आम्ही कुंपणाच्या कडेनं चालत राहिलो, आणि मग उघड्या रानात आलो, जिथे टेकायला झाड नाही की खांब नाही. कन्सल्टंट एकदम थांबले. त्यांनी काठ्यांच्या तिकाटण्यावर बंदूक टेकवली आणि कुजबुजले, "कुंपणाचा डावा कोपरा. काय आहे?"

मी दुर्बीण डोळ्याला लावली. तपकिरी अंग दिसलं. डोक्यावर काहीतरी होतं, शिंगं असतील किंवा मागची फांदी असेल. अंगही नाचत होतं, फांदीही नाचत होती. मी कोपरं छातीला घट्ट आवळली. काही उपयोग झाला नाही.

"काय आहे?" त्यांनी पुन्हा विचारलं.

एरवी मी काहीतरी सांगून मोकळा झालो असतो. त्यांना हवं तेच सांगितलं असतं. पण त्यांचं बोट बंदुकीच्या चापाजवळ होतं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं. "माझा हात हलतो."

त्यांनी बंदुकीवरून गाल उचलला. बंदूक खाली घेतली. तेवढ्यात त्या जनावरानं मान वर केली आणि ते निघालं. त्याच्यामागून गवतातून आणखी एक, लहानसं, उड्या मारत गेलं. मादी होती.

बांधावर बसून त्यांनी फ्लास्क उघडला. स्वतःचा कप भरला. माझा अर्धाच भरला, सांडू नये म्हणून. त्या अर्ध्या कपानं मला जितकं मेल्याहून मेल्यासारखं झालं तितकं त्या आधी कशानं झालं नव्हतं.

"दुकानात मी पाहिलं," ते म्हणाले. "तू स्वतः सांगतोस का, याची वाट बघत होतो. सोमवारी मीच विषय काढणार होतो."

"ऑपरेशनमध्ये कधी काही..."

"नाही. तसं असतं तर मला दिसलं असतं. पण आपलं काम किती बारीक असतं ते तुला माहीत आहे. न्यूरॉलॉजिस्टला दाखव. तोपर्यंत मला असिस्ट कर."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

न्यूरॉलॉजिस्टनं माझ्याकडून कागदावर गोल गोल काढून घेतले आणि सांगितलं, जिवाला धोका नाही, हा कंप बहुतेकदा आनुवंशिक असतो. "थोडी दारू घेतली की कमी होतो का?" त्यांनी सहज विचारलं. माझे कान तापले. पार्टीत एका व्हिस्कीनंतर हात कसा शांत होतो हे मला माहीत होतं, आणि ते मला आवडायला लागलं होतं. "हो," मी म्हटलं. "घरात आणखी कुणाला आहे?" "नाही," मी म्हटलं. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

गोळ्यांनी थोडा फरक पडला, पण बारीक टाक्यांसाठी तो पुरेसा नव्हता. थिएटरच्या फळ्यावर माझं नाव ऑपरेशन करणाऱ्याच्या रकान्यातून असिस्टंटच्या रकान्यात गेलं, आणि काही महिन्यांनी तिथूनही गेलं. माझ्या हाताखालची पोरं माझ्यासाठी दार धरून उभी राहायला लागली. सिस्टर माझ्या चहात स्वतःच साखर घालून ढवळून द्यायची. मी खजील होऊन थँक यू म्हणायचो.

मी जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, ट्रेनिंग घेतलं आणि आम्ही लेस्टरला आलो. साउथहॅम्प्टनचं घर आवरताना ती दुर्बीण बायकोनं जुन्या वस्तू दान घेणाऱ्या चॅरिटी शॉपच्या पिशवीत टाकली. "ठेवायचीय का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं.

लेस्टरला ओळखीच्या मराठी घरांमध्ये ती सांगायची, "मुलांच्या शाळेसाठी आलो." मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो. पुण्याला फोनवर मी वडिलांना एवढंच म्हटलं की नवी जागा मिळालीय, काम चांगलं आहे. त्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. मुलगा मोठ्या गावात मोठा सर्जन झाला, असं ते सोसायटीत सांगतात हे मला बहिणीकडून कळलं. मी ते खोडून काढलं नाही.

आई गेल्यानंतर एका उन्हाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले. पहिल्या सकाळी बायकोनं त्यांना चांगल्या कपबशीतून चहा दिला. पुण्याला ते वाटीतून, दोन्ही हातांनी चहा प्यायचे, आणि ती त्यांची लकब आहे असं आम्ही समजत होतो. इथे त्यांनी कपाचा कान धरून तो उचलला आणि बशी किणकिणायला लागली. तो आवाज मी ओळखला.

"बाबा, हे कधीपासून?"

"काय? हात होय? नोकरीत होतो तेव्हापासून." त्यांनी कप खाली ठेवला. "दाढीला मी रोज न्हाव्याकडे जायचो, ते काय हौस म्हणून?"

"आम्हाला सांगितलं नाहीत कधी."

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

मग मी त्यांना सांगितलं. दुकान, शिकार, फळ्यावरचं नाव, सगळं. ते बशीत सांडलेल्या चहातून बोट फिरवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "रक्तातून येतं म्हणालास ना? म्हणजे माझ्यामुळे गेलं तुझं काम."

"तसं नसतं, बाबा."

"तसंच असतं." त्यांनी ओलं बोट पुसलं. "मला माफ कर."

आमच्या घरात वडिलांनी असं कधी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या डायनिंग टेबलाशी बसून, स्वतः न केलेल्या गोष्टीची माफी मागत होता, आणि इतकी वर्षं मी त्यांना खोट्या अभिमानात ठेवलं होतं. मला वर बघवेना. बायको पोहे घेऊन आली, दोघांकडे पाहून थबकली, आणि प्लेट ठेवून परत गेली.

त्याच महिन्यात कुणाच्या तरी घरी सत्यनारायण होता. प्रसाद घेताना यजमानांनी बाबांना विचारलं, "चिरंजीव सर्जन ना?"

"होता," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हात कापतो म्हणून सोडलं. आता जीपी आहे."

लोकांच्या नजरा माझ्या हातांकडे वळल्या आणि मी ते खिशात घातले. तेवढ्यात यजमानांची इथेच जन्मलेली, युनिव्हर्सिटीत जाणारी मुलगी आईला घाबऱ्या आवाजात विचारताना ऐकू आली, "अंकलनी कुणाचा हात कापला?"

आधी तिची आई हसली, मग सगळेच. बाबांना ठसका लागला. मीही हसलो. यजमान प्रसादाचा द्रोण माझ्यापुढे धरून उभे होते. त्यांना थोडा वेळ तसंच थांबावं लागलं, कारण माझे हात खिशातून निघता निघत नव्हते.