कॉव्हेंट्रीतलं आमेन

माझ्या कोटावर एक काळी पट्टी असायची. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सिस्टर’ आणि पुढे माझं आडनाव. कॉव्हेंट्रीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका बाईंनी ती वाचली, मला नीट निरखलं आणि सरळ मराठीत विचारलं, ‘‘नर्स का गं तू? माझा पाय बघ ना जरा, सकाळपासून सुजलाय.’’

मी म्हटलं, ‘‘नाही हो काकू, मी मिशनरी आहे. मॉर्मन.’’ मग ते म्हणजे काय हे सांगेपर्यंत त्यांचा स्टॉप आला. त्या उतरल्या त्या मला आणि माझ्या कम्पॅनियनला घेऊनच. त्यांच्या हातातल्या पिशव्या आम्ही घरापर्यंत पोचवल्या आणि नाताळच्या दिवशी जेवायला यायचं कबूल करून बाहेर पडलो. आमच्या चर्चमधल्या एका कुटुंबाकडे आम्हाला संध्याकाळी जायचं होतं, दुपार रिकामीच होती.

कम्पॅनियन म्हणजे सोबतीण. आम्हा मिशनरींना एकटं फिरायची मुभा नसते, जोडीजोडीनेच राहायचं. माझी सोबतीण अमेरिकेतली, आयडाहोची. ताडमाड उंच, मनाने साधी आणि झोपेत बडबडणारी. घरापासून दूर तिचाही पहिलाच नाताळ होता, पण तिला आदल्या रात्रीच आईवडील, भावंडं, आजोबा आणि कुत्रा असे सगळे एकाच वेळी फोनवर भेटले होते. माझं तसं नव्हतं.

मी नगर जिल्ह्यातली. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. पप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि आमच्या मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, ते वडील होते. आमच्याकडे चर्चचा कारभार बघणाऱ्या जाणत्या माणसांना वडीलच म्हणतात, त्यामुळे माझे वडील सगळ्या गावाचेच वडील. पुण्याला कॉलेजात असताना मी एका मैत्रिणीबरोबर मॉर्मन या अमेरिकेतून आलेल्या पंथाच्या चर्चमध्ये जायला लागले. तिथे मला जे मिळालं ते खरं वाटलं, आजही वाटतं. पप्पांनी आधी ते हसण्यावारी नेलं. ‘‘एकोणीस वर्षांच्या पोरांना एल्डर म्हणतात म्हणे. मिसरूड फुटलं नाही अजून, आणि हे वडील.’’ मग मी तिकडे नव्याने बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांचं हसणं संपलं. ‘‘तुझा बाप्तिस्मा झालाय,’’ ते म्हणाले. ‘‘मी तुला हातांत घेऊन उभा होतो. तो काय फुकट गेला?’’ मिशनला, म्हणजे धर्मप्रचारासाठी इंग्लंडला, निघाले त्या दिवसापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

आठवड्यातून एकदा घरी व्हिडिओ कॉल करता यायचा. आई फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची, आणि त्याच क्षणी मागच्या खुर्चीतून पप्पा उठायचे. मला दर वेळी नवी पाठ दिसायची, कधी पांढऱ्या सदऱ्याची, कधी स्वेटरची. ‘‘ते जरा बाहेर गेलेत गं,’’ आई म्हणायची, आणि दाराच्या कडेला मला त्यांचं कोपर दिसत असायचं. रडूही यायचं आणि रागही यायचा. इतका हट्टी माणूस मी दुसरा बघितला नाही, आणि मीही त्यांच्यावरच गेले आहे.

नाताळच्या दिवशी बस नसतात. बारीक पावसात, रिकाम्या रस्त्यांवरून आम्ही चालत काकूंकडे गेलो. घराघरातून भाजलेल्या मांसाचा वास येत होता. गावाकडे याच वेळी आमच्या दारात करंज्यांची ताटं घेऊन लोकांची ये-जा चालू असणार, आणि पप्पा सगळ्यांना ‘‘बसा, बसा’’ करत असणार, हे डोळ्यांसमोर आलं आणि मी सोबतिणीच्या दोन पावलं पुढे चालायला लागले. तिने माझा चेहरा बघू नये म्हणून.

काकूंनी पुरणपोळी केली होती. ‘‘तुमचा सण ना? मग सणाचंच करायला हवं.’’ त्यांचे मिस्टर त्याच वर्षी वसंतात वारले होते. मुलगा, सून, नातवंडं सुनेच्या माहेरी लीड्सला. ‘‘मीच म्हटलं, जा. तिथे मुलांना टर्की, ते ओढून फोडायचे क्रॅकर्स, सगळं प्रॉपर मिळतं. इथे काय, मी आणि टीव्ही.’’ त्यांनी चहा ओतला. आम्हाला चहा चालत नाही हे मी चाचरत सांगितलं तर त्यांनी किटली तशीच हातात धरून ठेवली. ‘‘चहा सोडायला लावणारा कसला गं तुमचा देव,’’ त्या म्हणाल्या आणि कुरकुरत दूध तापवायला गेल्या.

जेवायला बसल्यावर सोबतिणीने इंग्रजीत प्रार्थना केली. काकू हात जोडून बसल्या होत्या. संपल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘मराठीत नाही का करत तुम्ही?’’

‘‘मराठीत पप्पा करतात,’’ मी म्हटलं, आणि पुढचं सगळंच तोंडून गेलं. पाठ, कोपर, साखरेचा डबा, सगळं. काकूंनी माझ्या पोळीवर तूप वाढलं. मग म्हणाल्या, ‘‘लाव फोन.’’

‘‘ते येणार नाहीत, काकू.’’

‘‘तुझ्यासाठी नाही येणार. तू लाव तर खरं.’’

आईने फोन घेतला. मागे पप्पा उठलेच. तेवढ्यात काकूंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि चेहऱ्यासमोर धरला. ‘‘अहो सर, नमस्कार. मी कॉव्हेंट्रीहून बोलतेय. तुमची मुलगी माझ्याकडे जेवायला आलीय. जरा येता का इकडे?’’

आता आमच्याकडे कुणा वडीलधाऱ्या परक्या बाईंनी ‘अहो’ म्हणून हाक मारली तर पाठ फिरवून जाता येत नाही. पप्पांना तर मुळीच नाही. ते थांबले, सदऱ्याची कॉलर सारखी केली आणि आले. ‘‘नमस्कार. नमस्कार. आपल्याला उगाच त्रास.’’ मी फोनच्या बाहेर, टेबलाच्या या बाजूला. त्यांचा आवाज मात्र समोर, माझ्या ताटाशी. काकूंनी मिस्टर गेल्याचं सांगितलं, सोबतिणीला दाखवलं, तिने हात हलवला. मग काकू म्हणाल्या, ‘‘सर, पोळ्या निवताहेत. तुम्ही प्रार्थना छान करता म्हणे. माझ्या घरात एकदा करा की.’’

प्रार्थनेला पप्पांनी आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. त्यांनी घसा साफ केला.

‘‘हे आमच्या स्वर्गीय बापा,’’ त्यांनी सुरुवात केली, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या बाईंच्या एकटेपणात तू त्यांची सोबत हो, ते म्हणाले. त्यांच्या हातच्या अन्नाला आशीर्वाद दे. त्या परदेशी लेकराची आई आज तिच्याविना सण करते आहे, तिच्या मनाला शांती दे. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग पप्पा म्हणाले, ‘‘आणि बापा, आमचं एक लेकरू वाट चुकलं आहे. त्याला माघारी आण. तुझ्या खऱ्या मंडळीत आण. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.’’

‘‘आमेन,’’ सोबतीण मनापासून म्हणाली. तिला त्या शेवटच्या शब्दाखेरीज काही कळलं नव्हतं. काकूंनीही म्हटलं.

आमेन म्हणजे ‘तसंच होवो’. मला जीव तोडून म्हणावंसं वाटत होतं. एक शब्द म्हटला असता तर पप्पा माझे झाले असते, आणि मला तर तेवढंच हवं होतं. पण मला माघारी जायचं नव्हतं. मी तोंड मिटून बसले.

आमच्या घरी सगळ्यांचं आमेन ऐकू आल्याशिवाय पप्पा डोळे उघडत नाहीत. काकूंनी फोन माझ्याकडे वळवला. पप्पांचे डोळे मिटलेले होते. इतक्या दिवसांनी मला त्यांचा अख्खा चेहरा दिसला. ते बारीक झाले होते.

‘‘तुझं आलं नाही,’’ ते म्हणाले.

‘‘नाही, पप्पा. मला म्हणता येणार नाही.’’

त्यांनी डोळे उघडले. आता उठणार, अशी माझी खात्रीच होती. मागून आईचा हातही फोन घ्यायला पुढे आला.

‘‘मनात नसताना आमेन म्हणायचं नाही, हे मीच शिकवलंय तुला,’’ पप्पा म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि फोन आईकडे दिला नाही.