ओट्याची उंची

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही, आणि आता तो नाहीच. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही — समोरासमोर सांगायचं धाडस माझ्यात नाही, हे मला एव्हाना चांगलंच कळलेलं आहे.

गोष्ट स्वयंपाकघराची आहे. ऐकायला अगदीच किरकोळ. ओटा किती उंच असावा, एवढीच.

आमचं घर परळला, भोईवाड्यात, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लग्न होऊन मी आले तेव्हा घरात तिघं होती — नवरा, सासरे आणि नवऱ्याची थोरली बहीण. सगळे तिला अक्का म्हणायचे, मीही. सासू कितीतरी आधी गेलेली. ती गेली तेव्हा अक्का तेरा वर्षांच्या होत्या आणि माझा नवरा तीन. सासरे गिरणीत, पाळ्या बदलत्या. अक्कांची शाळा सुटली आणि त्या स्टोव्हशी उभ्या राहिल्या. हात नीट पोचेना, म्हणून सासऱ्यांनी गवंडी बोलावला, होता तो ओटा तोडला आणि मुलीच्या मापाचा नवा बांधून घेतला. तेरा वर्षांच्या मुलीच्या मापाचा. पुढे अक्कांची उंची फारशी वाढली नाही. लग्नही झालं नाही — आधी भाऊ लहान, मग वडील म्हातारे.

मी पाच फूट सहा इंच. त्या ओट्यावर काही करायचं म्हणजे मला कमरेतून पार वाकावं लागे. पण खरं सांगू? वाकायची वेळ रविवारीच यायची. तेवीस वर्षं मी सकाळी आयता डबा उचलून ऑफिसला गेले आणि संध्याकाळी आयत्या ताटावर बसले. मैत्रिणी म्हणायच्या, नशीब काढलंस. मी हो म्हणायचे.

मग सलत काय होतं?

त्या घरात जेवणाबद्दलचा एकही शब्द माझ्याशी बोलला जात नसे. मुलगा दारातून ओरडायचा, "अक्काआत्या, आज काय?" नवरा काळ्या वाटाण्याचं सांबारं ओरपत म्हणायचा, "अक्का, हात धुवावासा वाटत नाही." एका रविवारी मी हौसेने तेच सांबारं केलं. अक्कांनी चव घेतली. "बरा झाला गो. हापिसवाल्यांचा असाच असता." सगळे हसले, मीही हसले. थट्टाच होती ती; दुष्टपणा अक्कांमध्ये नव्हताच. पण मी ते वाक्य जपून ठेवलं. माणूस असलं काही का जपतो — तुम्हाला ठाऊक आहे?

सासरे गेल्यावर काही वर्षांनी, म्हणजे आठ वर्षांपूर्वी, ओट्याचा कडप्पा तडकला, खालच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या, आणि स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं. परब नावाचे कॉन्ट्रॅक्टर आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे, कानावर पेन्सिल. आधी येऊन गेलेल्या दोघांनी टाइल्सचे नमुने दाखवले होते. परबांनी विचारलं, "ओट्याशी उभं कोण राहतं?"

नवरा म्हणाला, "अक्का."

परबांनी अक्कांना भिंतीशी उभं केलं, कणीक मळल्यासारखे हात धरायला सांगितले आणि कोपराखाली टेप लावला. अक्का लाजल्या. "ओटो बांधतंस की पोलका शिवतंस रे?" मग परबांनी माझं माप घेतलं. अक्कांचा ओटा तीस इंचांवर यायला हवा होता, माझा छत्तीसवर. भिंतीवर पेन्सिलीने दोन रेघा मारून ते म्हणाले, "वहिनी, दोन लेव्हल करू. गॅसची बाजू खाली, अक्कांसाठी. सिंक आणि कापायची बाजू वर, तुमच्यासाठी. दोघींची सोय होईल."

किती सोपं होतं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही.

अक्कांना धूळ सोसत नाही, म्हणून त्यांना महिनाभर देवगडजवळ गावी, चुलतभावाकडे पाठवलं. त्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून परबांना फोन केला. म्हटलं, "सगळा ओटा एकाच लेव्हलला घ्या. छत्तीस."

त्यांनी विचारलं, "गॅसची बाजूपण? अक्कांना विचारलंत ना?"

"त्यांनीच सांगितलं. आता मला होत नाही, तूच बघ म्हणाल्या."

खोटं. फोन ठेवून मी कॅन्टीनमध्ये गेले आणि चहा प्यायले. ओटा उभा राहिला तेव्हा नवऱ्याने विचारलं, "दोन लेव्हल करणार होते ना?" मी म्हटलं, परबांनी घोळ घातला, आता ग्रॅनाइट बसलंय. म्हणजे एकाच कामात मी दोन माणसांशी दोन वेगळी खोटी बोलले — आणि तिसऱ्या माणसाचा ओटा घेतला.

अक्का परत आल्या त्या दिवशी परब ट्रॉल्यांना हँडल बसवत होते. अक्का ओट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ग्रॅनाइट त्यांच्या कोपराच्याही वर. शेगडी छातीशी. त्या वळल्या.

"काय रे परबा, माप माजा घेतलंस ना? मगे ह्यो डोंगर कोणासाठी उभो केलंस?"

परबांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक ट्रॉली उघडून आत बघत राहिले. नवी, रिकामी ट्रॉली — काय होतं त्यात बघण्यासारखं?

"चुकलं माझं, अक्का," परब म्हणाले. "गॅसची बाजू तोडून खाली घेऊन देतो. चार दिवस लागतील."

खरं बोलायची ती वेळ होती. ते जाऊ दे — मी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. माझं खोटं झाकलेलं राहिलं असतं आणि अक्कांना त्यांचा ओटाही मिळाला असता. मी म्हणाले, "आता परत धूळ नको. होईल सवय."

परबांनी उरलेली दोन हँडल बसवली, हत्यारं पिशवीत भरली आणि निघून गेले. त्यांनी ते स्वतःच्या अंगावर का घेतलं, मला माहीत नाही. विचारायला मी कधी गेले नाही.

नवऱ्याने एक रुंद पाट आणून दिला. त्यावर चढून अक्कांनी तीन दिवस स्वयंपाक केला. पाट लादीवर सरकायचा. फोडणी उडाली की थेट गळ्यावर. एकदा मान उंच करून म्हणाल्या, "टोपात काय शिजता ता माका दिसना नाय." चौथ्या दिवशी सकाळी त्या उठून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. चहा मी करून दिला. त्यांनी घेतला. आणि मला काय वाटलं, सांगू? बरं वाटलं मला.

वाटलं होतं, आता मुलगा दारातून मला हाक मारेल. त्याने हाक मारणंच सोडलं. ताटात येईल ते मोबाइल बघत खायचा. नवरा मीठ मागायचा. स्वयंपाकघर माझं झालं, आणि मग तिथे दुसरं कुणी येईनासं झालं.

चार महिन्यांनी अक्का कायमच्या गावी गेल्या. "हंय बसान काय करू?" एवढंच म्हणाल्या. भांडण नाही, टोमणा नाही. त्या घराला पन्नास वर्षं जेवू घालून त्यांचं सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी.

तीन वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा अक्का आल्या, तेरा दिवस राहिल्या. एका दुपारी मी ओट्याशी उभी होते. मागून आवाज आला, "जरा पाणी देतंस गो?" अक्का स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभ्या होत्या. माठ त्यांच्यापासून दोन पावलांवर. त्या आत आल्या नाहीत. मी पेला भरून दिला, त्या तिथेच उभ्याने प्यायल्या आणि पेला माझ्या हातात परत दिला. घरात आम्ही दोघीच होतो. मी पेला विसळला आणि पालथा घातला.

आता मुलगा बंगळूरला आहे. मी वाटीभर तांदळाचा भात लावते, त्यातला अर्धा उरतो. ओटा मला अगदी सोयीचा आहे, तेही सांगायला हवं.

अक्का एकाहत्तरच्या आहेत. ऐकू नीट येतं, डोकं लख्ख. दर रविवारी मी त्यांना फोन करते, म्हणजे सांगायची संधी गेली अशी सबबही मला नाही. गेल्या रविवारी सांगत होत्या की चुलतभावाची सून नवं स्वयंपाकघर बांधून घेते आहे.

"मी तिका सांगितलंय, काम चालू असताना घर सोडून खंय जाव नको. ह्या लोकांचा लक्ष नसता. आमच्या परबान बघ, कसो घोळ घातल्यान." मग म्हणाल्या, "तुकापण तेव्हा किती वायट वाटलेला."

"हो अक्का," मी म्हटलं. "ह्या लोकांवर लक्ष ठेवायलाच हवं."