जिनिंगच्या मागे रंगवलेली गाडी

समस्त केळापूर तालुक्यातील जुन्या चारचाकीच्या मालकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गाडी स्वस्तात रंगवून घेणे फायद्याचे की तोट्याचे, या प्रश्नाचा निकाल अखेर लागलेला आहे. त्यासाठी एक गाडी, बारा हजार रुपये, एक हातरुमाल आणि एका सुखी संसाराचे अकरा दिवस खर्ची पडले आहेत. पुरावा माझ्या दारात उभा आहे. कोणीही यावे, बोटाने चाचपून पाहावे. चहा मिळेल.

एवढी घोषणा करूनच मी दमलो. तसा मी जानेवारीपासून दमलेलाच आहे.

गाडी छोटी, मरून रंगाची. माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. बदल्या होत गेल्या, गावं बदलली, पण आमच्या पांढरकवड्यापासून शाळेचं अंतर काही वीस किलोमीटरच्या आत आलं नाही. आताचं गाव जंगलाच्या कडेला आहे. एस.टी. दिवसातून दोनदा जाते आणि दोन्ही वेळा शाळेशी जुनं वैर असल्यासारखी नेमकी चुकीच्या वेळेला पोचते. म्हणून सकाळी मी बायकोला सोडतो, परत येऊन माझं झेरॉक्सचं दुकान उघडतो आणि संध्याकाळी शटर अर्धं ओढून पुन्हा तिला आणायला निघतो. तिला गाडी शिकवण्याचा प्रयत्न मी केला होता. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी एकमताने ठरवलं की, गाडी आली नाही तरी चालेल, लग्न टिकलं पाहिजे.

त्या गाडीला यंदा जानेवारीअखेर पंधरा वर्षं पूर्ण होणार होती. पंधरा वर्षांनंतर आरटीओच्या साहेबांसमोर गाडी उभी करून तपासून घ्यावी लागते. पास झाली तर पुढची पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर अंगणात. साहेबांचा कॅम्प आमच्या गावात महिन्यातून एकदा लागतो. नवी गाडी घेण्याची आमची ऐपत नव्हती आणि बायकोच्या नोकरीची अजून सहा वर्षं बाकी होती.

बायको म्हणाली, "ब्रेक दाखवून घ्या. लाइट, हॉर्न, चाकं पाहून घ्या."

ती शिक्षिका आहे, तिला वाटतं परीक्षा अभ्यासावर पास होते. मला मात्र माणसांची पारख आहे असा माझा समज आहे. मी म्हणालो, "साहेब पहिले काय पाहीन? चेहरा! टपावरचा रंग पाहून घे, पार गुलाबी झाला आहे. दाराखालून गंज गळून राह्यला. असं ध्यान समोर उभं केलं तं साहेब ब्रेकपर्यंत पोचणारच नाही."

"अहो, साहेब गाडी पाहायला येते का मुलगी पाहायला?"

मी दुर्लक्ष केलं. यवतमाळच्या चांगल्या वर्कशॉपमध्ये विचारलं तर त्यांनी चाळीस हजार सांगितले आणि वर गाडी सोडून जा म्हणाले. मी गाडी न सोडताच निघालो. आमच्याकडे हायवेला ट्रक रंगवणारे पेंटर आहेत. त्यातल्या एकाची शेड कापसाच्या एका जिनिंगच्या मागच्या भिंतीला टेकून आहे. आयुष्यभर त्याने ट्रकच्या फाळक्यांवर मोर, कमळं आणि सुविचार काढले. तो म्हणाला, "बारा हजार, भाऊ. चार दिवसांत नवरी करून देतो." मग गाडीभोवती एक फेरी मारून, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मागून मोर टाकू का? फुकट."

मोर मी नाकारला. तो नाकारला याचा मला आजही अभिमान आहे, कारण त्या सगळ्या प्रकरणात मी घेतलेला तो एकच शहाणपणाचा निर्णय.

आता आमच्या भागात जानेवारी म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. कापसाच्या गाड्या रांगा लावून जिनिंगमध्ये शिरतात, आत सरकी वेगळी होते आणि कापसाची बारीक फुई हवेत उडते. झाडांवर, तारांवर, चहाच्या टपरीच्या ताडपत्रीवर ती बसलेली असते. आम्हाला तिची इतकी सवय आहे की ती दिसतच नाही. मलाही दिसली नाही. पेंटरलाही नाही, कारण ट्रकला कोण हात लावून पाहतो?

चार दिवसांत त्याने गाडी घासली, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि काचांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं, मग कॉम्प्रेसर सुरू करून रंग मारला. पाचव्या दिवशी मी गेलो तेव्हा गाडी मरून होती आणि तिच्या अंगभर पांढरी लव उगवली होती. साठीच्या माणसाची दोन दिवसांची दाढी असते, तशी. पेंटर चिमटा घेऊन एकेक केस उपटत बसला होता.

"हे काय झालं, बाप्पा?"

"काही नाई भाऊ, कापूस आहे. शुद्ध माल आहे."

"मले गाडी पाह्यजे, गादी नाही!"

तो हसला, मीही हसलो. आम्हा दोघांनाही अशा वेळी हसू येतं, हा आमचा मोठाच दोष. त्याने पुन्हा घासलं, पुन्हा मारलं. पुन्हा कापूस. मग त्याने चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधल्या, तिसऱ्यांदा मारलं आणि या वेळी फुई बरीच कमी बसली. चार दिवसांचे अकरा झाले.

या अकरा दिवसांत बायको काळी-पिवळीने शाळेत जात होती. त्या जीपमध्ये दहा माणसांच्या जागी सोळा बसतात आणि सतरावा आला की आधीचे सोळा श्वास सोडतात. तिचे गुडघे आधीच दुखरे. संध्याकाळी ती घरी यायची, चपला दारात सोडायची आणि खुर्चीवर न बसता जमिनीवरच भिंतीला टेकायची. मी तिला रोजचा चित्तथरारक वृत्तांत द्यायचो. पेंटर काय बोलला, मी काय बोललो, चिमटा कसा हातातून पडला. आधी आधी ती हसली. सातव्या दिवशी तिने सगळं ऐकून घेतलं आणि पायाचं बोट दाबत म्हणाली, "मी शाळेच्या गावात एक खोली पाहून ठेवली आहे. न्हाणीघर बाहेर आहे, पण घरमालकीण बाई चांगली आहे. गाडी नाही पास झाली तं सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. हे रोजचं आता होत नाही मले."

मी म्हणालो, "आणि मी?"

"तुमाले स्वयंपाक येते न."

येतो. प्रश्न स्वयंपाकाचा नव्हता. मुलं शिकायला बाहेर गेल्यापासून आमचं जे काही बोलणं होतं ते त्या गाडीतच होतं. सकाळी ती मला शाळेतली भांडणं सांगते, संध्याकाळी मी तिला गिऱ्हाइकांची. घरी आल्यावर ती वह्या तपासते, मी टीव्हीसमोर झोपतो. गाडी बंद म्हणजे सहा वर्षं आठवड्यातून एकदा भेटायचं. हे मी तिला सांगितलं नाही. मी म्हणालो, "पास होईल गं. नवरीसारखी दिसून राह्यली." आणि त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं की बारा हजारांचा मी फक्त मेकअप आणला आहे.

तिने मात्र रविवारी मेकॅनिकला घरी बोलावलं. गाडी नुकतीच आली होती. तिने स्वतः उभं राहून ब्रेक करून घेतले, लाइटचे बल्ब बदलले, हॉर्न वाजवून पाहिला. मी बाजूला उभा राहून बोनेटवर हात फिरवत होतो. हाताला खरखर लागत होती.

पेंटरने गाडी देताना मला एक भेटही दिली होती. बोनेट उघडून तो म्हणाला होता, "बाहेरून राणी आन् आतून भिकारीण, असं नाई पाह्यजे. मी इंजिनाच्या मागचा पत्राबी मारून देला. तिथं गंजानं बारीक बारीक खड्डे पडलते, लांबी भरून सपाट केले. त्याचे पैसे नाई घेत तुमच्याकून." मी गहिवरलो. त्याला समोसे खाऊ घातले. आतला पत्रा खरंच आरशासारखा गुळगुळीत होता. सगळ्या गाडीत तेवढ्याच जागी कापूस बसला नव्हता.

कॅम्पच्या दिवशी बायकोने अर्धी रजा टाकली. मैदानात ऑटो, शाळेच्या व्हॅन, टमटम अशी रांग होती. आमचा नंबर यायला एक वाजला. साहेब तरुण होते, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात कागद आणि पेन्सिल. त्यांनी रंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. ब्रेक लावायला सांगितला, लाइट लावायला सांगितले, हॉर्न ऐकला, वाकून खालचा पत्रा ठोकून पाहिला. बायको माझ्याकडे पाहत होती. मी पुढच्या टमटमकडे.

मग साहेब म्हणाले, "बोनेट उघडा, काका. चेसिस नंबरचा ठसा घ्यायचा आहे."

चेसिस नंबर म्हणजे गाडीच्या पत्र्यात ठोकलेला तिचा जन्मखूण-क्रमांक. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की आकडे उमटतात. आमच्या गाडीत तो इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर असतो. मी बोनेट उघडलं. साहेबांनी पाहिलं, मी पाहिलं, बायकोने पाहिलं. समोर आरशासारखा गुळगुळीत पत्रा.

"नंबर कुठे आहे?"

मला पेंटरचे बारीक बारीक खड्डे आठवले आणि मी मडगार्डवर हात टेकला.

"साहेब, तो आतमध्ये आहे," मी म्हणालो. "सुखरूप आहे. त्याच्यावर लांबी आहे, लांबीवर रंग आहे."

"चेसिस नंबर बुजवला?"

"बुजवला नाही, साहेब. सजवला."

रांगेतले दोघे-तिघे हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "नंबर दिसल्याशिवाय मी काही करू शकत नाही. दोन वाजता कॅम्प बंद. नाहीतर पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात गाडीची मुदत संपलेली असणार होती. मी खिशातलं नाणं काढून खरवडायला लागलो तर साहेब ओरडले, "ओ काका! आकड्यावर एक जरी ओरखडा आला तर छेडछाड समजली जाईल. मग गाडी विसरा."

मी नाणं परत खिशात टाकलं. बायकोने पर्स माझ्या हातात दिली. मागच्या ऑटोवाल्याकडून तिने झाकणभर थिनर मागून आणलं, स्वतःचा हातरुमाल त्यात बुडवला आणि वाकून तो पत्रा पुसायला लागली. फळा पुसतात तसं, वरून खाली, घाई न करता. थोड्या वेळाने रंग सुटला. मरून पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. मग राखाडी लांबी दिसू लागली. ती काही सुटेना.

"मी करतो," मी म्हणालो.

"तुम्ही राहू द्या. तुम्ही केलं तेवढं बस झालं."

ऑटोवाल्याने पुन्हा थिनर दिलं. तिने रुमालाची ओली घडी त्या जागेवर दाबून धरली आणि तशीच उभी राहिली. एका हाताने गुडघा धरलेला. मैदानातल्या गाड्या कमी होत होत्या. साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं. मी त्यांना पाणी विचारलं, ते नको म्हणाले. मग तिने मला पर्समधून स्टीलची पट्टी काढायला लावली, पट्टीला रुमाल गुंडाळला आणि मऊ पडलेली लांबी लोण्यासारखी हलकेच बाजूला केली. एक अक्षर दिसलं. मग दुसरं. मी गाडीच्या कागदावरचा नंबर वाचत होतो आणि ती पत्र्यावरचा. शाळेत पाढे म्हणतात तसं आमचं चाललं होतं. शेवटचे दोन आकडे यायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आले तेव्हा दोनला पाच कमी होते.

साहेबांनी कागद ठेवला, पेन्सिल घासली, ठसा उजेडात धरून कागदाशी ताडून पाहिला. मग चष्मा कपाळावर नेला आणि पहिल्यांदाच आमची गाडी नीट पाहिली. बोनेटवरून हात फिरवला. बोटं एकमेकांवर घासून पाहिली. पेन खिशातून काढलं, पण उघडलं नाही.

"मॅडम, गाडी तशी चांगली आहे," ते म्हणाले. "ब्रेक उत्तम आहेत. पण हा रंग कुठे मारला? आणि याच्यात हे काय आहे, केस आहेत का? किती घेतले याचे?"

मी तोंड उघडलं. मोराचा किस्सा सांगावा की साड्यांचा, एवढाच विचार होता. बायको साहेब लोकांशी नेहमी शाळेतली शुद्ध मराठी बोलते, वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू येतो. पण तिचे दोन्ही हात मरून झाले होते, दोन वाजायला आले होते आणि साहेबांच्या पेनाचं टोपण अजून लागलेलंच होतं. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "रंग गेला चुलीत, साहेब! तुम्ही पहिले सही करा न!"