मुद्दाम केलेली चूक

परवा माझ्या मैत्रिणीच्या निवृत्तीच्या निरोप समारंभात बरेच जण बोलले. प्रत्येकाच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं होतं, की बाई जन्मजात शिक्षिका आहेत. मी मागच्या रांगेत दात-ओठ खात बसले होते. जन्मजात म्हणे! ती शिक्षिका कशी झाली हे त्या सभागृहात फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक व्यासपीठावर मान खाली घालून ऐकत होती. म्हणून मीच सांगते. तिला आवडणार नाही, पण तिला न आवडणाऱ्या इतक्या गोष्टी लोकांनी केल्या आहेत, त्यात ही आणखी एक.

आम्ही दोघी शिक्षक प्रशिक्षणाला एकत्र होतो, गणित-विज्ञानाच्या गटात. गटाने तिचं नाव ब्युरेट ठेवलं होतं. प्रयोगशाळेत ती उभी लांब काचेची नळी असते ना, तोटी जराशी फिरवली की एकेक थेंब सोडणारी, तीच. ही तशीच उंच, किडकिडीत, आणि बोलायची तेही थेंबाथेंबाने. प्रशिक्षणाला येण्याआधी ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला होती. शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून तिच्या टेबलावर यायचं. त्या कामाचा विषय निघाला की मात्र तोटी पूर्ण उघडी. कुठल्या भागातल्या पाण्याला कसला वास येतो, तपासताना पाण्याचा रंग बदलायच्या ऐन थेंबाला श्वास कसा आपोआप थांबतो, तिथले साहेब तिच्या आकड्याखाली डोळे मिटून सही कशी करतात, सगळं सांगत बसायची. मी वैतागून म्हणायचे, "अगं, पाणीच आहे ना ते? पिऊन टाक आणि गप्प बस."

मग ती इथे कशाला आली? वडलांसाठी. तिचे वडील एका शाळेचे मुख्याध्यापक. सगळे त्यांना हेडसर म्हणायचे. त्यांच्या शाळेत गणित-विज्ञानाची जागा रिकामी झाली होती आणि ते स्वतः निवृत्तीला आले होते. जाण्याआधी लेकीला त्या खुर्चीत बसलेली बघायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. संस्थेकडे शब्द टाकून त्यांनी ती जागा अडवून ठेवली होती. अट एकच, नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत मुलगी प्रशिक्षण पास झालेली हवी. नाहीतर जागा दुसऱ्याला. हेडसर तापट असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तो माणूस इतका मऊ बोलायचा, की त्यांना नाही म्हणणाऱ्यालाच अपराधी वाटावं.

"शिकवायचं नाही असं सांगितलंस का त्यांना?" मी एकदा विचारलं.

"सांगितलं."

"मग?"

"तुझी इच्छा, बाळा, म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी शाळेचं नवीन वेळापत्रक घरी घेऊन आले. नववी-दहावीच्या रकान्यात माझं नाव घातलं होतं."

"आणि आई?"

"आई म्हणाली, बघ, किती हौसेनं केलंय त्यांनी."

मी कपाळाला हात लावला. या घराशी कोण भांडणार!

आणि ते प्रशिक्षण तरी काय वर्णावं. शिकवण्याचे सुटे भाग करून ते आम्हाला शिकवायचे. एक आठवडा प्रश्न विचारायचं कौशल्य, एक आठवडा फळ्यावर लिहायचं, एक आठवडा शाबासकी द्यायचं. एकीने पाठ घ्यायचा आणि बाकीच्यांनी मागे बसून तक्त्यावर रेघा मारायच्या, शाब्बास किती वेळा, छान किती वेळा. शाब्बास कमी भरले तर पाठ पुन्हा. विज्ञान शिकवायचं कसं हे शिकवणाऱ्या आमच्या पद्धतीच्या बाई प्रयोगाला मात्र कधी हात लावायच्या नाहीत. काचसामान कपाटात, कपाटाला कुलूप. प्रयोग आम्ही पुठ्ठ्यावर रंगवायचो. ब्युरेट त्या कपाटासमोर जाऊन उभी राहायची. आतल्या बीकरांवर धुळीचा थर होता.

"बाई, एकदा धुऊन ठेवू का मी?" तिने विचारलंही.

"तपासणी आली की धुऊया," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी ती मला जिन्यात म्हणाली, "मला इथे श्वास पुरत नाही गं." एवढं सरळ ती कधी बोलायची नाही. मी काहीतरी थट्टा केली आणि तिला वर्गात ओढून नेलं. दुसरं काय करणार होते?

सुट्या भागांतला एक भाग होता मुद्दाम केलेली चूक. शिक्षकाने फळ्यावर जाणूनबुजून चुकायचं, गालातल्या गालात हसत थांबायचं, मुलांनी चूक पकडायची, आणि मग अर्थातच शाब्बास. आम्ही जिथे सराव करायचो त्या शाळेतल्या मुलांवर वर्षानुवर्षं आमच्यासारख्यांनी हात साफ केलेला. ती पोरं आमच्यापेक्षा तयार होती. फळ्यापाशी बाई हसायला लागल्या की न बघताच हात वर करायची.

शेवटच्या पाठाला बाहेरून परीक्षक येणार होते. त्या पाठात जो पडला तो पडला, वर्ष पुन्हा. आदल्या दिवशी आम्ही उपाहारगृहात चहा घेत होतो. मी माझ्या पाठाचं टाचण पुन्हा पुन्हा चाळत होते आणि ही एकदम शांत.

"उद्या मी नापास होणार आहे," ती म्हणाली.

"असं सगळ्यांनाच वाटतं."

"वाटत नाही. ठरवलंय."

मग तिने एका दमात सांगून टाकलं. प्रयोगशाळेत कायमची जागा निघाली होती. साहेबांनी निरोप धाडला होता, मोकळी असशील तर ये. ती मोकळी कधी होणार? नापास झाली तर. वडलांना नाही म्हणायला नको, काही नको. शाळेतली जागा आपोआप दुसऱ्याला जाईल, हेडसर दोन दिवस हळहळतील, आणि सोमवारपासून ही पुन्हा बाटल्यांपाशी.

"पण नापास होणार कशी? तुला तर सगळं येतं."

"घनतेचं सूत्र उलटं लिहीन. गणित-विज्ञानाची शिक्षिका सूत्र उलटं लिहिते म्हटल्यावर कोण पास करेल?"

मला तो बेत आवडला. वडलांशी सरळ बोल, असं म्हणायला हवं होतं कदाचित, पण तिच्या चेहऱ्यावर वर्षात पहिल्यांदा रंग दिसत होता. मी तिला दुसरा चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी मागच्या बाकावर तक्ता घेऊन बसले होते. शेजारी पांढऱ्या मिशांचे परीक्षक, त्यांच्या पलीकडे पद्धतीच्या बाई. टेबलावर तराजू, लोखंडाचा एक ठोकळा, तेवढ्याच आकाराचं बूच आणि मापाच्या रेघांचं, पाणी भरलेलं काचेचं भांडं. ब्युरेट फळ्याकडे वळली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, घनता म्हणजे आकारमान भागिले वस्तुमान. पद्धतीच्या बाईंनी डोळे मिटले. परीक्षकांचं पेन थांबलं. मी मनात म्हटलं, सुटली!

वर्गातले निम्मे हात वर गेले. पोरांच्या लेखी हा रोजचाच खेळ होता. पण ब्युरेट हसत नव्हती. खिडकीजवळची, दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, उलटं झालंय."

"नाही. बरोबर आहे," ब्युरेट म्हणाली.

पोरं गोंधळली. आता शाब्बास यायला हवं होतं. हात एकेक करून खाली आले, पण ती मुलगी काही बसेना.

"असं कसं बाई? लोखंडाचं वस्तुमान जास्त. तुमच्या सूत्रानं मग त्याची घनता कमी येईल, बुचाची जास्त."

"येईल. मग?"

"मग बूच बुडायला पाहिजे. आणि लोखंड तरंगायला."

कुणीतरी फिसकन हसलं. मग बाकीच्यांनाही जोर चढला. एक म्हणाला, टाकून बघा. एक म्हणाला, वजनं करून आकडे घाला. जो तो बोलायला लागला, आणि कुणीच पाठ केलेलं बोलत नव्हतं. ब्युरेटला माघार घेता येईना आणि पुढे जाता येईना. शेवटी ती मुलगीच टेबलाशी आली आणि तिने बूच पाण्यात सोडलं. बूच काही बाईंच्या बाजूने खोटं बोलायला तयार नव्हतं. ते मजेत तरंगत राहिलं.

तिथे जरी ब्युरेट गप्प राहिली असती तरी निभावलं असतं. पण तिला ते जमलं नाही. मुलांनी आकडे मागितले तेव्हा तिने तराजू पुढे ओढला, पाण्याची पातळी डोळ्यासमोर आणून कशी वाचायची ते दाखवलं, आणि तास संपेपर्यंत सगळा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला होता. सूत्र त्या मुलीनेच पुसून सरळ केलं. मी तक्त्यावर एकही रेघ मारली नव्हती. एक शाब्बास नाही, एक छान नाही. आणि मला रडू येत होतं, कारण मला कळलं होतं काय झालंय ते.

परीक्षक उठले ते टाळ्या वाजवतच.

"मुद्दाम केलेली चूक मी शेकड्यांनी पाहिली," ते म्हणाले. "पण ती शेवटपर्यंत लढवायचं धाडस कुणी केलं नव्हतं. पाठाच्या टाचणात नोंदसुद्धा नाही! म्हणजे वर्गाला आधी पढवलेलं नाही. बाई, या मुलीला तुम्ही घडवलंत."

"प्रयत्न असतो आमचा," पद्धतीच्या बाई म्हणाल्या. तासाच्या सुरुवातीला त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

व्हरांड्यात ब्युरेट भिंतीला टेकून उभी होती, हाताचा खडू अजून धुतलेला नव्हता. मी काय बोलावं? अभिनंदन? एवढ्यात ती वेण्यांची मुलगी दप्तर घेऊन आली.

"बाई, एक विचारू? तुम्ही खरंच चुकत होता ना? बाकीच्या बाई हसत हसत चुकतात. तुम्ही घाबरला होता."

ब्युरेटने तिच्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली.

"मग मी गप्प बसायला पाहिजे होतं का?"

"नाही." आणि हाताचा खडू झटकत, "आपलं बरोबर असलं की समोर कुणीही असो, बोलायचं. गप्प नाही बसायचं."

मुलीने मान डोलवली. तेवढ्यात जिन्यावरून हेडसर आले. सहज डोकावलो म्हणाले, पण परीक्षकांनी त्यांना खालीच गाठून सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मी तिला कोपर मारलं. चांगलं जोरात मारलं. तिला कळलंही.

"बाबा," ती म्हणाली.

"बोल ना, बाळा."

ते खरंच ऐकायला थांबले होते. घाई नव्हती, राग नव्हता. मी वाट बघत होते, ती मुलगीही बघत होती.

"मला..." ब्युरेट म्हणाली, "मला रुजू कधी व्हायचंय?"

हेडसर तारीख सांगू लागले. त्या मुलीने एकदा ब्युरेटकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं, दप्तर खांद्यावर घेतलं आणि निघून गेली.