पश्चातची ओळ

एका जपानी पॉप-रॉक जोडीतील गायकाचे गेल्या वर्षी एका शनिवारी पहाटे टोकियोतील रुग्णालयात निधन झाले. बातमी मंगळवारी दुपारी आली. जपानमध्ये बऱ्याचदा असेच होते. घरच्यांपुरते अंत्यसंस्कार आधी उरकतात, मग जगाला कळवतात. सिंगापूरमधील आमच्या वृत्तसंस्थेच्या डेस्कवर त्याचा मृत्युलेख तयार होता. तो मी काही महिने आधी लिहिला होता.

प्रसिद्ध माणसांचे मृत्युलेख ती जिवंत असतानाच लिहून ठेवणे ही वृत्तसंस्थांची जुनी पद्धत आहे. वय, वार आणि कारण यांच्या जागा मोकळ्या सोडतात. बाकी मजकूर पूर्ण करून ठेवतात आणि अधूनमधून काढून त्यात भर घालतात. गायकाच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्याचे आणि जोडीचा सिंगापूरचा कार्यक्रम रद्द झाल्याचे ज्या दिवशी जाहीर झाले, त्याच दिवशी हे काम माझ्याकडे आले. आमची डेस्कप्रमुख मनिलाची आहे. माझ्या घरात त्या जोडीची गाणी वाजतात एवढे तिला माहीत होते. ती गाणी मी नव्हे, माझी मुलगी लावते, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "मग मुलीला विचार."

मुलगी सतरा वर्षांची होती, पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला. रद्द झालेल्या कार्यक्रमाचे तिकीट तिच्याकडे होते. मी आठवड्यातले दोन दिवस चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमधून काम करतो. काम काय आहे ते मी जेवणाच्या टेबलावर लपवले नाही.

माझी पत्नी साताऱ्याची. तिने ताटावरचा हात थांबवला.

"अहो, जिवंत माणसाचं मरण या घरात बसून लिहायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"भाड्याची वास्तू आहे," मी म्हणालो.

"तथास्तु म्हणायला तिला मालकाची परवानगी लागत नाही."

मुलगी हसली नाही. "माझं पण लिहून ठेवलंयस का, बाबा?"

"तू प्रसिद्ध नाहीस."

"अजून नाही," ती म्हणाली. आई म्हणाली, "दोघंही गप्प बसा आणि जेवा."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन खाली गेलो. एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, सगळ्या इमारतींचा असतो तसा आमचाही तळमजला मोकळा आहे. खांब आहेत, वारा आहे आणि बुद्धिबळाचे चौकोन कोरलेली दगडी टेबले आहेत. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे मलय कुटुंबांची लग्ने लागतात आणि चिनी कुटुंबे आपली मयते तिथेच दर्शनाला ठेवतात. मृत्युलेखाचा बराचसा भाग त्या टेबलावर लिहिला गेला. मधेच आमच्याच ब्लॉकमधले एक आजोबा वारले, मंडप पडला आणि आम्हाला समोरच्या कॉफीशॉपमध्ये जावे लागले. पत्नी भाजी घेऊन येताना तिथे थांबली. "आता मयतवाल्यांनीच जागा मागितली ना?" एवढे बोलून ती लिफ्टकडे गेली.

"आम्ही" म्हणजे मी आणि मुलगी. पहिल्या दिवशी ती क्लासहून परतताना मला पाहून थांबली. माझ्या खांद्यावरून तिने पहिला परिच्छेद वाचला आणि बॅग टेबलावर ठेवली.

"हे चुकीचं आहे. हे ऑनलाइन सगळीकडे आहे, पण चुकीचं आहे. ते टोकियोत नाही भेटले."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो आणि प्रत्येक गोष्ट दुसरीकडे तपासत गेलो. दोघे जपानच्या उत्तरेकडील एका मासेमारीच्या बंदराचे, एकाच वर्गातले. गायकाचे वडील बर्फाच्या कारखान्यात कामाला होते. गिटारवादकाच्या घरचे केशकर्तनालय होते. शाळा सुटल्यावर दोघे संध्याकाळी, दुकानांची शटर खाली आल्यावर, बाजारपेठेच्या छपराखाली उभे राहून वाजवत. तिथून ते टोकियोला गेले. गीते गायक लिहीत असे, चाली गिटारवादक देत असे. पहिल्या दोन गाण्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. तिसरे एका अ‍ॅनिमे मालिकेचे शीर्षकगीत झाले आणि जपानबाहेर गेले. सिंगापूरमध्ये जपानीचे एक अक्षर न येणारी मुले ते अथपासून इतिपर्यंत म्हणत. माझी मुलगी प्राथमिक शाळेत असताना ते म्हणत असे. अर्थ विचारला तर "रेल्वेबद्दल आहे" असे सांगे. ते रेल्वेबद्दल नव्हते.

पुढे मोठी सभागृहे आली, मग स्टेडियम. गायक दोन गाण्यांच्या मध्ये भरपूर बोलत असे. गिटारवादक रंगमंचावर कधी बोलला नाही. मग जोडी फुटली. चार ओळींचे निवेदन निघाले, कारण दिलेले नव्हते. पुढची काही वर्षे गायक एकटा गात राहिला आणि गिटारवादक दुसऱ्यांसाठी चाली करत राहिला.

"हे लिही," मुलगी म्हणाली. "एकटा गायचा तेव्हाही तो मधे नाही उभा राहायचा. उजवीकडेच. डावीकडची जागा रिकामी ठेवायचा."

"कोण म्हणतं?"

"सगळ्यांना माहितीये, लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"सगळे म्हणजे सूत्र नव्हे."

तिने फोन काढला आणि त्या काळातल्या तीन कार्यक्रमांच्या चित्रफिती दाखवल्या. तिन्हींत गायक उजवीकडे उभा होता. डावीकडे कोणी नव्हते. याचे कारण त्याने कुठे सांगितल्याचे मला सापडले नाही. मी उभे राहण्याची जागा लिहिली, कारण लिहिले नाही.

ते पुन्हा एकत्र आले ते टोकियोत नव्हे, तर आपल्या गावच्या नगरपालिकेच्या सभागृहात. त्यानंतरच्या दौऱ्यात त्यांचा सिंगापूरमधील पहिला कार्यक्रम झाला. मुलगी आणि तिची शाळेतली मैत्रीण दोघी गेल्या होत्या. मैत्रीण सेरंगूनला राहायची. वडील पुण्याचे, आयटीतले, एम्प्लॉयमेंट पासवर आलेले. मी दोघींना दारापर्यंत सोडले आणि बाहेर थांबलो. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे आवाज बसले होते. पुढच्या वर्षी मैत्रिणीच्या वडिलांची नोकरी गेली आणि नोकरीबरोबर पासही गेला. महिन्याभरात ते कुटुंब पुण्याला परतले. चांगी विमानतळावर निरोप द्यायला माझी मुलगी गेली होती. त्यानंतर दोघी गाणी फोनवर ऐकतात. एक, दोन, तीन म्हणून इकडे आणि तिकडे एकाच वेळी गाणे सुरू करतात.

मृत्युलेखाची शेवटची ओळ मागे राहिलेल्यांची असते. ही ओळ मी पुण्यातल्या एका दैनिकात उमेदवारी करताना शिकलो. निधनवार्तांचा रकाना नव्या माणसाकडे देत. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे." यात सून राहिली तर दुसऱ्या दिवशी घरचे लोक कार्यालयात येत. इंग्रजीतही ही ओळ असते, फक्त लहान. गायकाचा घटस्फोट झालेला होता. मूल नव्हते. आईवडील वारले होते. मी लिहिले की त्याच्या पश्चात मोठी बहीण आहे.

मुलीने ओळ वाचली. "आणि तो?"

"कोण तो?"

"बाबा! गिटारवाला. तो कुठेय?"

"तो वरती आहे. प्रत्येक परिच्छेदात आहे."

"वरती नको. इथे. मागे कोण राहिलं, तर तो राहणार ना? बहीण तर त्याच्याबरोबर स्टेजवर कधी आलीच नाही."

"या ओळीत नातेवाईक येतात. रक्ताचे, लग्नाचे, दत्तक घेतलेले. बस."

"म्हणजे ज्याच्याबरोबर सोळाव्या वर्षापासून रोज वाजवलं तो कोणी नाही?"

"तसं मी म्हटलं नाही."

"ओळ म्हणते ना." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "ते ड्युओ आहेत, बाबा. एक गेला तर दुसऱ्याला काय म्हणणार तुम्ही लोक? काही शब्दच नाही तुमच्याकडे."

तिची मागणी एवढीच होती की मागे राहिलेल्यांत गिटारवादकाचे नाव असावे. बाकी मजकुराबद्दल तिची तक्रार नव्हती. त्या दिवशी ती आधी वर गेली आणि नंतर खाली आली नाही.

मी ती ओळ दोघांची करून डेस्कप्रमुखाकडे पाठवली आणि तसे का केले ते खाली लिहिले. तिने गिटारवादकाचे नाव काढले. "सहकारी मजकुरात येतात, कुटुंब शेवटी येते. आज याला घेतले, तर उद्या प्रत्येक बँडचा ढोलवाला घ्यावा लागेल," असे तिने कळवले. नियम तोच होता आणि मीही तो इतरांना सांगत आलो होतो. मजकूर त्या रूपात जमा झाला.

मी हे मुलीला सांगितले. ती म्हणाली, "ओके." पत्नीने विचारले, "संपलं का ते?" मी हो म्हटले. "बरं," ती म्हणाली आणि त्यावर घरात पुन्हा बोलणे झाले नाही.

गायक रुग्णालयातून घरी आला. जोडीने एक नवे गाणे प्रसिद्ध केले. त्यात गायकाचा आवाज फक्त शेवटच्या कडव्यात आहे, आधीची कडवी गिटारवादकाने म्हटली आहेत. त्याने मुख्य आवाजात गाण्याची ती पहिली वेळ. मी मृत्युलेखात दोन वाक्ये वाढवली. मुलीने त्यांतला एक तपशील दुरुस्त केला, दारातूनच, बूट न काढता. सिंगापूरच्या कार्यक्रमासाठी नवी तारीख जाहीर होईल, असे आयोजक सांगत राहिले.

मंगळवारी मी कार्यालयात होतो. जोडीच्या व्यवस्थापन कंपनीचे निवेदन दुपारी आले. शनिवारी पहाटे निधन झाले, अंत्यसंस्कार निकटच्या माणसांत पार पडले, भेटी आणि फुले नम्रपणे नाकारण्यात येत आहेत. आमच्या टोकियोच्या कार्यालयाने दुजोरा दिला. मी वय, वार आणि कारण भरले. मृत्युलेख काही मिनिटांत गेला. शेवटच्या ओळीत मोठी बहीण होती.

मुलीचा संदेश त्यानंतर लगेच आला. पुण्याहून मैत्रिणीने तिला आधीच कळवले होते. तिने आमची बातमी उघडून वाचली होती. संदेशात चार शब्द होते: "तो नाहीये त्यात, बाबा."

मी घरी फोन केला. पत्नीने उचलला.

"आलीये ती. खोलीत आहे, दार लावलंय. फोनवर ती पुण्याची पोरगी आहे. दोघी काही बोलत नाहीत, नुसतं गाणं चाललंय."

"जेवली का?"

"नाही. अहो, त्याला बायको नव्हती ना?"

"घटस्फोट झाला होता."

"मूलबाळ?"

"नाही."

"भाऊ, पुतण्या, कोणी?"

"एक बहीण आहे. मोठी."

"मग अग्नी कोणी दिला?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"तुमच्या बातमीत नाही?"

"नाही."

"मग काय लिहिलंत तुम्ही?" ती रागावली नव्हती. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

निवेदनात ते नव्हते आणि आम्ही कोणी विचारले नव्हते. मी टोकियोतल्या सहकाऱ्याला लिहिले की अंत्यविधीत पुढे कोण होते ते हवे आहे. जपानी अंत्यविधीत असा एक माणूस ठरलेला असतो. पत्नी, थोरला मुलगा किंवा जवळचा नातेवाईक. रात्रभर शवाजवळ तो बसतो, आलेल्यांचे आभार तो मानतो, दहनानंतर अस्थींचा कलश तो धरतो. तिकडच्या वर्तमानपत्रांत निधनवार्तेच्या शेवटी त्याचे नाव देतात. सहकाऱ्याने उत्तर दिले की यावेळी कंपनीने ते दिलेले नाही, विचारून सांगतो.

आमच्याकडे अशा माहितीला दोन ठिकाणांहून दुजोरा लागतो. पहिला व्यवस्थापन कंपनीकडून साडेचारच्या सुमारास आला. दुसऱ्यासाठी सहकाऱ्याने उत्तरेतल्या त्या बंदरावर फोन लावला. गायकाची बहीण तिथेच राहते. तिने सांगितले की विधींमध्ये पुढे गिटारवादक होता आणि ते तिनेच त्याला सांगितले होते. तो शनिवारी रात्रभर शवाजवळ बसला. आलेल्यांचे आभार त्याने मानले. कलश त्याने नेला.

मी दोन्ही उत्तरे डेस्कप्रमुखापुढे ठेवली. तिने ती वाचली आणि शेवटची ओळ दुरुस्तीसाठी उघडून माझ्याकडे दिली.

मृत्युलेखाची दुसरी आवृत्ती संध्याकाळी सहाच्या आधी गेली. पश्चातच्या ओळीत दोन नावे होती, मोठ्या बहिणीचे आणि गिटारवादकाचे.