टिटवीची चार अंडी आणि ग्रुपवरचं लोकेशन

"ताई, चार अंडी! पाय पडता पडता राहिला माझा. रविवारी निघायचं." विजूभाऊ फोनवर अक्षरशः ओरडत होते. जरीपटक्यात ते आमच्या समोरच राहतात. बँकेतून निवृत्त झालेत, आणि गळ्यात दुर्बीण अडकवली की त्यांना ब्लडप्रेशरची गोळी आठवत नाही. साधी टिटवी नागपूरच्या कुठल्याही ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर ओरडताना दिसते. ही नदी टिटवी. काळा चेहरा, मागे वळलेला काळा तुरा, आणि अंडी घालायला नदीकाठची मोकळी वाळू किंवा गोटेच हवेत. तशी वाळू किती उरली आहे, हे रेतीचे ट्रक रोज बघणाऱ्यांना सांगायला नको. मी लगेच हो म्हटलं.

फेब्रुवारी संपत आला होता. या दिवसांत पहाटे स्वेटर लागतो आणि दहा वाजता तोच ओझं होतो, तेव्हा पाण्याची बाटली आणि टोपी विसरू नका. अंधारातच कामठी रोडला लागलो, कन्हानचा पूल ओलांडला आणि पारशिवनीची वाट धरली. रस्ता बरा आहे. कोळशाच्या ट्रकमागे अडकलात तर मात्र चिडून उपयोग नाही. वाटेत एका टपरीवर तर्री-पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट. "ताई, तर्री टाकू का अजून?" असं तिथला माणूस विचारतो तेव्हा नाही म्हणायचं असतं, हे मी अजून शिकलेले नाही.

पारशिवनीनंतर आम्ही कुठे वळलो ते इथे लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

नदीवर धुकं होतं. उथळ पाण्यात केशरी चक्रवाकांच्या जोड्या होत्या, उत्तरेकडे परतायच्या तयारीतल्या. एक कवड्या खंड्या हवेत एका जागी फडफडत पाण्यात सूर मारत होता. पाणी ओसरलं की इथल्या वाळूत डांगरवाड्या, म्हणजे खरबुजांच्या वाड्या, लागतात. खड्डे करून शेणखत भरायचं, त्यात डांगराचे वेल लावायचे आणि राखणीला तुऱ्हाट्यांची, म्हणजे तुरीच्या काड्यांची, खोपडी बांधायची. वेल नुकतेच धरले होते.

आणि त्या वाळूत तीन मोठ्या गाड्या उभ्या होत्या.

सात-आठ पुरुष, जंगली छापाचे कपडे, हातभर लांबीच्या लेन्स. वाळूत एक छोटा स्पीकर ठेवला होता आणि त्यावर टिटवीचाच आवाज लावला होता. आपल्या हद्दीत दुसरी घुसली असं समजून टिटव्यांची जोडी जिवाच्या आकांताने घिरट्या घालत होती. पंख पसरलेला फोटो हवा, तर पक्षी उडायला हवा. बसू दिला तर उडणार कसा? अंडी उघड्यावर. याला ते छंद म्हणतात.

"अहो, अंडी आहेत तिथे! बसू द्या ना तिला," विजूभाऊ धावले.

"सर, दोन मिनिटं. लाइट मस्त येऊन राहिला," त्यांच्यातला एक टोपीवाला म्हणाला.

"ही दोन मिनिटं किती वेळ चालू आहेत?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही पण घ्या ना एखादा."

तेवढ्यात कावळा उतरला. टिटवी त्याच्यावर झेपावली, वळली, पुन्हा झेपावली. "ॲक्शन! ॲक्शन!" असा कोणीतरी पुकारा केला आणि सगळे कॅमेरे कडकडले. एक हात वर करून कावळा हाकलावा, असं एकालाही वाटलं नाही. मी ओरडत पोचेपर्यंत तो चोचीत अंडं घेऊन उडाला होता.

"मिळाला! चोचीतलं अंडं पण शार्प आलंय."

विजूभाऊंनी टोपीवाल्याला गाठलं. "कोणी सांगितली तुम्हाला ही जागा?"

"काका, तुम्हीच तर. ग्रुपवर लोकेशन नव्हतं का टाकलं? थँक्यू हं."

पक्षी दिसला की काठावरूनच ग्रुपवर लोकेशन टाकायचं, ही आम्हा पक्षीवेड्यांची रीत. न टाकणारा आपमतलबी ठरतो. विजूभाऊंनी तर खाली 'अंडी आहेत, जपून चाला' असंही लिहिलं होतं. लोकांनी त्यातलं 'अंडी' तेवढं वाचलं.

मग खोपडीतून वाडीवाली कौशल्याबाई आली, हातात फावडं.

"ये टोपीवाल्या! हे गाडी कोनाची हाय? माहा येल चाकाखाली हाय."

"मावशी, पक्ष्याचा फोटो काढून राहिलो."

"काढ नं गा. पयले माहा येल काढ! काहून, नदीत तुले रोड दिसला?"

"अहो, दुर्मिळ पक्षी आहे तो."

"मले त्या पाखराचं काई नाई. रातभर केकाटते, झोपू देत नाई. गाडी हटव, नाई तं हवा सोडतो मी चाकाची."

फावडं टेकवून ती सगळ्या लेन्सच्या समोर वाळूत बसली. आमच्या विनंत्यांनी जे झालं नाही ते तिच्या बसण्याने झालं. गाड्या गेल्या. चाकाखालचे वेल मात्र गेलेच होते. ते मोडके शेंडे उचलत ती बराच वेळ बडबडत राहिली. नुकसानभरपाईचं नाव त्यांच्यातल्या कोणीही काढलं नाही.

आम्ही लांब बाभळीखाली जाऊन बसलो. टिटवी थोडी धावायची, थांबायची, आमच्याकडे बघायची. शेवटी पोटाची पिसं फुलवून ती खाली बसली. विजूभाऊंनी दुर्बीण माझ्याकडे दिली आणि तोंड फिरवलं. दुसरे पक्षी शोधायचा उत्साह कोणालाच उरला नव्हता. परतताना कन्हानला गाडी थांबवून त्यांनी ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाकला. "कोणी कोणी सेव्ह केलं असेल, ताई?" ते विचारत होते.

संध्याकाळी मी घरी चहा घेत होते तेव्हा ग्रुपवर फोटो आला. कावळ्यावर झेपावणारी टिटवी, खाली 'आईचं काळीज'. टाळ्या, नमस्कार, फुलं. फोटो खरंच अप्रतिम आहे, याचाच तर जास्त संताप. त्याखाली एकाने विचारलं होतं: 'लोकेशन?' मग दुसऱ्याने, तिसऱ्याने.

तुम्हीही विचाराल. पोह्यांसाठी जा, पुलावरून चक्रवाक बघा. पुढचं सांगणार नाही.

थोड्या वेळाने विजूभाऊंचा फोन आला. "ताई, लोक मलाच विचारून राहिले."

"मग काय सांगितलं?"

"म्हटलं, तीन उरलीत."